नारायण रुसला

आमच्या जावयाला रुसता येत नाही, हे आमच्या ह्यांचं दोन वर्षांचं दुखणं होतं.

सोनईत जावयाच्या रुसण्याला मान आहे. कुणाचा घड्याळासाठी रुसतो, कुणाचा मोटरसायकलसाठी. माझी जाऊ लंकाबाई, तिचा जावई तर पंखा कुरकुरतो म्हणून रुसला आणि नवा पंखा लागल्यावरच पाटावर बसला. लंकाबाई ते अजून कौतुकानं सांगते, जणू त्यानं पंख्याचा कारखानाच काढला. आमचे कानिफराव मात्र लग्नात पहिल्या हाकेला उठून पंगतीत जाऊन बसले. वरणात मीठ नव्हतं, तेही बोलले नाहीत. आमचे हे, आप्पासाहेब, त्या रात्री पागोटं काढता काढता म्हणाले, "अगं, दिवसभर खिशात अंगठी घिऊन हिंडलो. म्हनलं रुसला तर असावी. पर ह्यो गडी रुसंनाच!"

कानिफराव भिंगारला लष्कराच्या डेपोत कारकून. शांत माणूस. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच ते वाळायला लागले, सारखं पाणी मागायला लागले, आणि संक्रांतीच्या सुमारास दवाखान्यात जाऊन पडले. साखरेचा आजार निघाला. तोही असा, की रोज सुई टोचून घ्यायची, जन्मभर. आम्ही भेटायला गेलो. म्हणजे मी गेले. हे दवाखान्याच्या फाटकाबाहेर लिंबाखाली थांबले आणि शिर्डीहून आणलेला पेढ्यांचा पुडा माझ्या हाती आत पाठवला. नर्सबाईंनी तो तसाच परत धाडला. ह्यांना राग आला. "परसाद हाय त्यो. परसादाला कुठं साखर आस्ती?" असं म्हणून उभ्या उभ्या तिथंच पुडा रिकामा केला.

फाटकाच्या आत का आले नाहीत, ते मला ठाऊक होतं. ह्यांचे थोरले भाऊ एकदा पायाचा अंगठा चिघळला म्हणून पुण्याच्या दवाखान्यात गेले, ते गुडघ्यापासून पाय देऊन परत आले आणि वर्षभरात वारले. तेव्हापासून दवाखाना म्हणजे पाय कापायची जागा.

"भाऊजी उशिरा गेले म्हणून तसं झालं," मी म्हणायची.

"गेले म्हनून झालं," हे म्हणायचे.

ह्यावर बोलणं संपायचं.

आता बोलणं काढायचं कारण असं, की त्या साली, नव्याण्णव साली, चैत्रात ह्यांना नवी चप्पल चावली. उजव्या अंगठ्याला एवढीशी जखम. ती भरेना. हळद झाली, चुना झाला, कुणीतरी सांगितलं म्हणून बिब्बा झाला. जखम आपली दर आठवड्याला थोडी पसरायची, जशी बांधावरची हरळी पसरते. त्यात रात्री दोन-तीनदा उठणं. गोठ्यामागं हे जिथं लघवीला बसतात तिथं मुंग्यांची रांग लागायला लागली. मी शाळा चौथीपर्यंतच शिकलेली, पण रविवारचा पेपर पुडी बांधायच्या आधी वाचते. मुंग्यांचं मी वाचलं होतं. ह्यांना नेऊन रांग दाखवली.

"मुंग्यान्ला बी कळतं मालक कोन हाय," हे म्हणाले आणि चहात तिसरा चमचा साखर घातली.

मी देवापुढं एकच मागत होते, ह्या माणसाचा पाय शाबूत राहावा. पण देव पडला फाटकाबाहेरचा, त्याचा पेढासुद्धा आतनं परत आला होता. फाटकाच्या आत ह्यांना कोण नेणार?

त्याच उन्हाळ्यात ज्येष्ठ अधिक आला. धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी एकदा जावयाला नारायण मानायचं, पाटावर बसवायचं, ओवाळायचं आणि पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे. शुभांगीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच. ह्यांनी महिनाभर आधी भावकीला आवतण दिलं. मग शुभांगीचा फोन आला.

"आई, आप्पांना सांग. यांच्या ताटात एकच धोंडा. दुसरा वाढायचा नाही."

ह्यांनी ते ऐकलं आणि खाटेवर उठून बसले. "एक? कारखान्याचा सभासद हाय मी! घरात साखरेची पोती, आन जावयाला एक धोंडा? लोक तोंडात शेण घालतील."

"लोकांचं शेण परवडलं," मी म्हटलं, "तुमी तुमच्या तोंडात साखर घालनं थांबवा."

"तू त्याचं माझ्यावर काढू नको. आजारी त्यो हाय."

रविवारी सकाळच्या एस्टीनं दोघं आली. कानिफरावांच्या हातात चेनचं काळं पाकीट होतं. पडवीत आमचा आसाराम बसलेला. आसाराम म्हणजे ह्यांचा चुलतभाऊ, लंकाबाईचा नवरा. दूध डेअरीत तो फॅट लावतो. दूध कितीही पांढरं दिसो, आसारामचं मशीन सांगेल तीच त्याची लायकी. गावातल्या कुठल्या म्हशीला किती फॅट लागते ते त्याला पोरांच्या नावांपेक्षा पक्कं पाठ.

"पाव्हणं, कॅमेरा आनला का काय?"

"नाही काका. साखर बघायचं मशीन आहे. जेवणाआधी बघावं लागतं." कानिफरावांनी पाकीट उघडलं. बोटाला बारीक सुई टोचली, रक्ताचा थेंब एका पट्टीवर घेतला आणि पट्टी मशीनमध्ये सरकवली. मशीन उलटे आकडे मोजायला लागलं. आसारामचे डोळे मोठे झाले. मशीन म्हटल्यावर तो त्याचा प्रांत.

"एकशे बेचाळीस," कानिफराव म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या तसंच. आता माझं लावा."

कानिफरावांना नाही म्हणता येत नाही, ते सांगितलंच. पट्ट्या महाग असतात, नगरलासुद्धा धड मिळत नाहीत, असं शुभांगी डोळ्यांनी ओरडत होती. पण आसारामचं बोट पुढं आलेलंच होतं. आसारामला एकशे चार पडले. त्याचं तोंड उतरलं. मग लंकाबाई पदराला हात पुसत आली, तिला शहाण्णव.

"म्या सकाळधरनं उपाशी राबतीया म्हनून," ती घाईघाईनं म्हणाली. "न्हाईतर मला बी पडले आस्ते शंभर."

"आमच्या घरालाच फॅट लागंना," आसाराम म्हणाला.

आमचे हे इतका वेळ पडवीच्या खांबाला टेकून सगळं बघत होते. माणूस पहिल्यापासून चढाओढीचा. पुढं आले, बाही सारली आणि जणू कुस्तीला हात द्यावा तसा हात पुढं केला. "लाव."

मशीन मोजायला लागलं तसे सगळेच मोठ्यांदा मोजायला लागले. आत टीव्हीवर वर्ल्ड कपची कालची मॅच बघणारी पोरंसुद्धा दारात आली. शून्यावर मशीन वाजलं.

"तीनशे अठरा!" आसाराम असा ओरडला की गोठ्यातली कालवड उठून उभी राहिली. "आप्पा! आख्ख्या भावकीत पयला!"

"आक्का, भावजींचं रगातच दमदार," लंकाबाई मला म्हणाली.

ह्यांनी मिशीवरून हात फिरवला. "उगंच न्हाई. कानिफराव, तुमाला माझ्या निम्मं बी पडलं न्हाई. शुभे, च्या टाक समद्यान्ला. गोड टाक."

शुभांगी जागची हलली नाही. तिचा चेहरा बघितला आणि मला मुंग्यांची रांग दिसली. कानिफराव खाली मान घालून मशीन पुसत होते. पुसून झालं तरी पुसत होते.

"मामा," ते शेवटी म्हणाले, "ह्याच्यात जास्त पडले की नापास."



"आसं कसं?" आसारामला ते पटेना. "दुधाला जास्त, उसाच्या उताऱ्याला जास्त, पोरांच्या मार्काला जास्त. आन रगतालाच कमी?"

"हो काका. शहाण्णव सगळ्यात चांगले."

लंकाबाईनं पदर सावरला आणि नवऱ्याकडं असं बघितलं, की तो पुढं आठवडाभर खाली बघून जेवला असेल.

"मशीन गंडलंय," हे म्हणाले. "दुसऱ्या बोटाला लाव."

दुसऱ्या बोटाला लावलं. तीनशे बावीस.

"वाढलं की!" आसारामच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, मग त्यानं जीभ चावली.

कानिफराव उठले आणि ह्यांच्यापुढं उकिडवे बसले. "मामा, तो अंगठा दाखवा बरं. मघापासून लंगडताय तुम्ही."

ह्यांनी पाय चटकन धोतरात ओढून घेतला. "अहं! धोंड्याचा महिना हाय. तुमी नारायण. नारायनानं भक्ताच्या पायाला हात लावायचा नस्तो. मला पाप लागंल." एरवी ह्यांना एकादशी कधी ते मला विचारावं लागतं. पण अडचणीच्या वेळी शास्त्र बरोबर आठवतं. "चला, उठा. जेवायची येळ झाली."

कानिफराव ह्यांच्याकडं बघत राहिले. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी आपली रोजची सुई घेतली आणि अर्ध्या तासानं येऊन पाटावर बसले.

मी दोघांना ओवाळलं. पंगत बसली. कानिफरावांच्या ताटात एक धोंडा, वर तुपाची धार. त्यांच्या समोर हे बसलेले, ह्यांच्या ताटात चार. मी दोन वाढले होते, दोन ह्यांनी माझी पाठ फिरल्यावर घेतले. आता आमच्याकडं रीत अशी, की नारायणानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीनं हात लावायचा नाही. सगळे हात ताटाजवळ नेऊन थांबले.

कानिफरावांचे हात मांडीवर.

"घ्या, कानिफराव," हे म्हणाले.

"नाही."

"आं? का बरं?"

"मी रुसलोय."

काय सांगू तुम्हाला! ह्यांचा चेहरा असा उजळला, की मुलगी झाली तेव्हा नसेल उजळला. दोन वर्षांची भूक भागली. भावकीकडं एकदा डावीकडून उजवीकडं बघून घेतलं, लंकाबाईकडं जरा जास्त वेळ बघितलं. "आरं वा! रुसला का नारायन? बोला, काय पायजेल? अंगठी?"

"नको."

"मोटरसायकल?"

"नको, मामा."

"टीव्ही मागा पाव्हणं, रंगीत," आसाराम कुजबुजला. "मोठा मागा."

"मला मामांचा पाय पाहिजे."

"पाय?"

"जागच्या जागी पाहिजे. सगळ्या बोटांसकट. उद्या सकाळी माझ्याबरोबर नगरला डॉक्टरांकडं चला. एवढंच मागणं आहे."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. ह्यांच्या तोंडावरचा उजेड असा गेला, जसा आमच्याकडं संध्याकाळी करंट जातो.

"दुसरं माग," हे म्हणाले. अहो-जाहो गळून पडलं होतं.

"दुसरं नको."

"मग ऱ्हा उपाशी."

"बरं."

आणि दोघं एकमेकांसमोर बसून राहिले. शांत माणूस हट्टाला पेटला की फार वाईट. बोलका निदान बोलून दमतो. धोंड्यावरचं तूप जिरून गेलं, आमटीवर साय धरली. आसारामचं पोट एकदा मोठ्यांदा वाजलं, तेव्हा त्यानं खोकल्याचं सोंग केलं. कुणी उठेना, कुणाला जेवता येईना.

पहिली शुभांगी उठली. "अहो, बास झालं. सुई घेतलीय तुम्ही." मग बापाकडं वळली. "आप्पा, सुई घेतल्यावर यांना वेळेत जेवावं लागतं. नाहीतर साखर खाली खाली जाते."

"जाऊं दे की. कमी पडलेलं चांगलं आस्तं म्हनं."

"इतकी कमी नाही! माणूस चक्कर येऊन पडतो."

मे महिन्यातली दुपार, घाम सगळ्यांनाच होता. पण कानिफरावांच्या कपाळावरचा घाम वेगळा होता, गार पाण्याचा तांब्या पाझरावा तसा. शुभांगीनं पाकीट पुढं केलं. बोटाला टोचताना त्यांचा हात थरथरत होता. मशीननं अडुसष्ट दाखवले. मघाशी एकशे बेचाळीस दाखवणाऱ्यानं.

शुभांगीच्या पिशवीत ग्लुकोजची पूड होती. तिनं ती पेल्यात कालवून त्यांच्या तोंडाशी नेली. त्यांनी मनगट धरलं. "थांब जरा."

मला तर जावयाचाही राग आला. एक वर चढून बसलेला, उतरायला तयार नाही. एक खाली उतरत चाललेला, थांबायला तयार नाही. आणि मधे आम्हा मायलेकींचा जीव टांगलेला.

मी वाढायचं पातेलं खाली ठेवलं आणि ह्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. भावकीसमोर मी कधी ह्यांना उलटून बोलत नाही. स्वयंपाकघरात बोलते, तिथं चांगलं ऐकू जातं. पण त्या दिवशी बोलले.

"थोरल्या भाऊजींसाठी असं कुणी रुसलं नव्हतं. रुसलं असतं, तर भाऊजी आधीच दाखवायला गेले असते. आज ह्या पंगतीला असते."

हे ताटातल्या धोंड्यांकडं बघत राहिले. मग अगदी हळू, मला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आन पाय कापला तर?"

इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा खरं बोलले होते.

"कापला तर मी हाय की काठीला," मी म्हटलं. "पर तुमीच न्हाई ऱ्हायले, तर मी भांडू कुनाशी?"

ह्यांनी मान वर केली. समोर कानिफराव भिंतीला टेकले होते, ओठ पांढरे पडलेले, तरी डोळे ह्यांच्यावर. आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात पुष्कळ हट्टी जनावरं बघितली. पण आपल्यापेक्षा हट्टी माणूस पहिल्यांदा बघत होते.

ताटातला एक धोंडा उचलून ते उठले. लंगडत, मी पहाटे काढलेली रांगोळी तुडवत पलीकडं गेले आणि जावयापुढं मांडी घालून बसले. "येतो. येतो बाबा नगरला. तोंड उघड."

"नक्की?" कानिफरावांचा आवाज बारीक झाला होता.

"भावकीपुढं बोललो न्हवं? आता काय ष्टांपावर लिहून दिऊ? उघड तोंड!"

शुभांगीनं मधे घुसून आधी पेला तोंडाला लावला. तो संपला, तसा ह्यांनी धोंडा भरवला. एका हातानं भरवायचं आणि दुसरा हात हनुवटीखाली धरायचा, सांडू नये म्हणून, जसं शुभांगीला लहानपणी भरवायचे. पहिला संपल्यावर आसारामला हाक मारली, "आरं बघतो काय, माझं ताट सरकव हिकडं!" दुसराही भरवला. तिसऱ्याला कानिफराव मान हलवायला लागले. तोंडावर रंग आला होता.

"मामा, बास. आता वर जाईल."

"जाऊं दे वर. खालनं आलंय, उलीसं वर जाऊं दे."

"आप्पा!" शुभांगी ओरडली, तेव्हा थांबले.

पंगत जेवायला लागली. आसारामनं पहिला घास जावयाच्याही आधी घेतला होता हे मी बघितलं, पण बोलले नाही. ह्यांच्या ताटात शेवटी दोन धोंडे राहिले होते. ते मी उचलले, त्या जागी ज्वारीची भाकरी आणि गवारीची भाजी ठेवली. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ह्यांच्याकडं बघितलं. साखर कारखान्याच्या सभासदानं मुकाट्यानं भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी एस्टीत खिडकीशी मी, मधे हे, कडेला कानिफराव. शब्द दिलेला माणूस मधेच उतरू नये म्हणून आमची ही व्यवस्था. घोडेगावच्या स्टँडवर हे चहा प्यायला म्हणून उठले, तर कानिफराव बरोबर उठले. दवाखान्याच्या फाटकाशी मात्र पाय अडखळले. कानिफराव नुसते पुन्हा रुसल्यासारखे उभे राहिले.

"चल, चल. तेवढं तोंड करू नको," हे म्हणाले आणि आत गेले.

डॉक्टर तरुण होते. पट्टी सोडून त्यांनी अंगठा बघितला, दाबला, वळवला. ह्यांनी माझा दंड असा धरला की बांगडी पिचली. मग डॉक्टर म्हणाले, "बाबा, आणखी थोडे दिवस घरी बसला असता, तर मलाही काही करता आलं नसतं. आता अंगठा वाचेल. पण साखर आटोक्यात पाहिजे. जखम भरेपर्यंत रोज इन्सुलिन, आणि गोड बंद."

"कापायचा न्हाई?"

"नाही."

"लिहून द्या," हे म्हणाले.

डॉक्टर हसले, पण ह्यांनी खरंच लिहून घेतलं. मग त्यांचा धीर वाढला. "तसं मला काय झालं न्हाई. जावई रुसला म्हनून यावं लागलं."

सुई कशी भरायची, कशी टोचायची, ते नर्सबाईंनी मला मोसंबीवर शिकवलं. मोसंबी बिचारी गप्प बसते. माझा हात चांगला बसला.

पहिल्या दिवशी सकाळी घरी मी औषध भरलं, सुईतला हवेचा फुगा काढला, पोटाची चिमट धरली. ज्या माणसानं वळूच्या नाकात वेसण घातली, तो डोळे गच्च मिटून खाटेची कड धरून बसलेला.

"हळू टोच."

"अजून टोचलंच न्हाई."

"मग काय करती इतका येळ? हात थरथरतुया तुझा. मला कळतंय."

"माझा हात न्हाई थरथरत. तुमचं पोट थरथरतंय."

"पोटाला सांग मग गप बसायला."

"लगीन झाल्यापासनं कुनाचं ऐकलंय त्यानं?"

ह्यावर काहीतरी झणझणीत बोलायला ह्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मी टोचून सुई काढूनही घेतली.

"टोचशील का आता?" हे म्हणाले.

"टोचते," मी म्हटलं, आणि भाकरीचा तवा ठेवायला उठले.